दुखण्यावरील औषध आणि औषधाचें दुखणें

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो वरवर पाहतां डॉक्टरमंडळींचा आहे. मी डॉक्टर नाहीं. माझें आयुष्य शाळेंत मुलांस शिकविण्यांत गेलें. परंतु जें औषध आपल्या घरच्या कपाटांत येऊन राहतें, त्याचे गुणदोष घरांतील शहाण्या माणसांस ठाऊक असले पाहिजेत, असें मला वाटतें; म्हणून हा विषय मी घेतला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९९ ते २०२२ या चोवीस वर्षांत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेनें सुमारे ७ लाख २७ हजार माणसें मेलीं. दुसऱ्या महायुद्धांत त्या राष्ट्राचे सुमारे चार लाख सैनिक मृत्यु पावले होते. यावरून या आकड्याच्या भयंकरपणाची कल्पना यावी. आणि विशेष हें कीं, या अनर्थाचा आरंभ चोरांच्या अड्ड्यांत झाला नाहीं. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, स्वच्छ दुकानांत, छापील पुठ्ठ्याच्या डबींत झाला. हें कसें घडलें, आणि त्यांतून आपण काय घ्यावयाचें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम या औषधांची ओळख करून घेऊं. खसखशीच्या झाडाच्या कोंवळ्या बोंडास चीर दिली म्हणजे जो चीक निघतो, तो वाळला कीं त्याची अफू होते. अफू वेदना शमविते आणि झोंप आणते, हें मनुष्यास हजारों वर्षांपासून माहीत आहे. १८०५ च्या सुमारास जर्मनींतील सेर्टुर्नर नांवाच्या औषधालयांत काम करणाऱ्या एका तरुणानें अफूंतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळें काढलें, आणि ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास मॉर्फीन हें नांव मिळालें. पुढें १८९८ सालीं बायर या जर्मन कंपनीनें मॉर्फीनवर प्रक्रिया करून केलेलें एक औषध खोकल्यावर म्हणून बाजारांत आणलें. त्याची संवय लागत नाहीं असा त्या वेळीं समज होता. त्या औषधाचें नांव हेरॉइन! आपण हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. कारण ‘हें नवें औषध गुणकारी आहे, पण याची संवय लागत नाहीं’ हें वाक्य या इतिहासांत पुन्हां पुन्हां येणार आहे.

अफूंतून निघणारीं मॉर्फीन आणि कोडीन, त्यांवर प्रक्रिया करून केलेलीं ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन, आणि अफूचा स्पर्शही नसतां प्रयोगशाळेंत तयार झालेलीं ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल व फेंटानिल, या सर्वांचें कार्य मुळांत एकच आहे. म्हणून या साऱ्या कुटुंबास मी अफूवर्गीय औषधें असें म्हणेन.

हीं औषधें करतात तरी काय? आपल्या मेंदूंत आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत पेशींवर जणूं कांहीं कुलुपें बसविलेलीं असतात. शरीर स्वतःच थोड्या प्रमाणांत वेदना शमविणारीं द्रव्यें निर्माण करीत असतें, आणि तीं त्या कुलुपांच्या किल्ल्या होत. अफूवर्गीय औषध ही बाहेरून आलेली, पण त्याच कुलुपास बसणारी बळकट किल्ली आहे. ती फिरली म्हणजे वेदनेचा निरोप मेंदूकडे जाण्यास अडथळा होतो. वेदना राहिली तरी तिचा त्रास वाटेनासा होतो, आणि मनास एक प्रकारचें सुख वाटतें. परंतु तींच कुलुपें मेंदूच्या तळाशीं, जेथून श्वासोच्छ्वास चालविला जातो, त्या केंद्रांतही आहेत. खरा घात तेथेंच आहे.

आपण झोंपेंत असतांना श्वास कोण चालवितो? रक्तांत कार्बन डायॉक्साइड वायु सांचूं लागला कीं हें केंद्र जागें होतें आणि छातीस श्वास घेण्याची आज्ञा करतें. हा पहारेकरी रात्रंदिवस काम करतो, म्हणून आपण निर्धास्त झोंपतों. अफूवर्गीय औषधाची मात्रा वाढली कीं हा पहारेकरीच पेंगूं लागतो. दूषित वायु सांचत जातो, पण आज्ञा सुटत नाहीं. श्वास मिनिटाला पंधराचे दहा, दहाचे सहा होतात आणि शेवटीं थांबतात. मनुष्य तडफडत नाहीं, हांक मारीत नाहीं. शेजारीं निजलेल्या माणसास तो केवळ घोरत आहे असें वाटतें. ‘फार दमला असेल, झोंपूं द्या,’ असें म्हणून घरच्यांनीं दार लोटून घेतलें आणि सकाळीं मनुष्य थंड मिळाला, अशा हकीकती त्या देशांत घरोघरीं आहेत. यावर दारू किंवा झोंपेच्या गोळ्या घेतल्या असल्या तर धोका फार वाढतो. कारण त्याही याच पहारेकऱ्यास गुंगी आणतात.

दुसरी गोष्ट संवयीची. हें औषध कांहीं आठवडे रोज घेतलें म्हणजे शरीर त्यास सरावतें. तेवढाच गुण येण्यास अधिक मात्रा लागते, आणि औषध एकाएकीं बंद केलें तर घाम, उलट्या, जुलाब, अंगदुखी आणि विलक्षण तळमळ सुरू होते. हा सराव सावकाश चढतो, पण औषध सुटल्यावर लवकर उतरतो. म्हणून कांहीं आठवडे औषधावांचून राहिलेल्या माणसानें पूर्वीचीच मात्रा पुन्हां घेतली तर तीच त्यास विष होते. तुरुंगांतून किंवा व्यसनमुक्तीच्या रुग्णालयांतून बाहेर पडल्यावरचे पहिले दिवस अशा माणसास सर्वांत धोक्याचे असतात, तें याच कारणानें.

आतां अमेरिकेंतील हकीकतीकडे वळूं. १९८० सालीं तेथील एका सुप्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसें पत्र प्रसिद्ध झालें. तें अवघ्या पांच वाक्यांचें होतें. रुग्णालयांत असतां ज्यांस एकदां तरी अफूवर्गीय औषध दिलें गेलें, अशा ११,८८२ रोग्यांच्या नोंदी पाहिल्या आणि त्यांत व्यसन जडल्याचीं नोंद झालेलीं उदाहरणें चारच आढळलीं, असें त्यांत लिहिलें होतें. पत्र खोटें नव्हतें. परंतु गणिताचा साधा नियम असा कीं, अपूर्णांकाचा अंश पाहण्यापूर्वीं छेद पाहावा. हे रोगी रुग्णालयांत, परिचारिकांच्या डोळ्यांदेखत औषध घेणारे होते. घरीं बसून महिनेचे महिने स्वतःच्या हातानें गोळ्या घेणाऱ्यांविषयीं या पत्रांत अक्षरही नव्हतें. तरी पुढील काळांत, ‘वेदनेसाठीं घेतलेल्या औषधाचें व्यसन क्वचितच लागतें’ या विधानास आधार म्हणून त्याचा शेंकडों लेखांत उल्लेख झाला.

याच सुमारास डॉक्टर वेदनेकडे पुरेसें लक्ष देत नाहींत अशीही तक्रार होती, आणि तींत तथ्य होतें. या अनुकूल वाऱ्यावर १९९६ सालीं पर्ड्यू फार्मा या कंपनीनें ऑक्सिकोडोनची एक नवी गोळी बाजारांत आणली. तिचें नांव ऑक्सिकॉन्टिन. या गोळींतून औषध बारा तासांत सावकाश सुटत असल्यामुळें तिच्या दुरुपयोगाचा संभव कमी असावा, असें तिच्या माहितीपत्रकांतच छापलेलें होतें. पण गोळी कुटली किंवा चावली कीं बारा तासांची मात्रा एका क्षणांत मिळते, हें लोकांच्या लवकरच ध्यानांत आलें. कंपनीनें पांच हजारांहून अधिक डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांस आपल्या खर्चानें परिषदांस नेलें, टोप्या आणि गाण्यांच्या तबकड्या वांटल्या, आणि रोग्यांस पहिल्या कांहीं दिवसांच्या गोळ्या फुकट मिळाव्या म्हणून कुपनेंही काढलीं. १९९६ मध्यें या गोळीची विक्री ४ कोटि ८० लाख डॉलरांची होती; ती २००० सालीं सुमारे ११० कोटि डॉलरांवर गेली. पुढें २००७ सालीं कंपनीनें या गोळीच्या धोक्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयांत कबूल केला व ६० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम भरली. २०२० सालीं तिनें पुन्हां गुन्हे कबूल केले. परंतु तोंपर्यंत आग पसरून गेली होती.

ती किती पसरली होती याचें एकच उदाहरण सांगतों. पश्चिम व्हर्जिनिया हें कोळशाच्या खाणींचें डोंगराळ राज्य. खाणींत काम करून पाठी आणि गुडघे मोडलेलीं माणसें तेथें पुष्कळ, आणि म्हणूनच या औषधाचें पीक तेथें फोफावलें. त्या राज्यांतील कर्मिट नांवाच्या सुमारे चारशें वस्तीच्या गांवांत औषधाच्या एका दुकानास दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख हायड्रोकोडोनच्या गोळ्या पुरविण्यांत आल्या. म्हणजे गांवांतील प्रत्येक माणसामागें, तान्हें मूल धरून, बावीस हजारांहून अधिक! साऱ्या राज्यांत सहा वर्षांत आलेल्या ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन यांच्या गोळ्या ७८ कोटि होत्या, आणि त्याच काळांत या दोन औषधांच्या अतिमात्रेनें तेथें १,७२८ माणसें मेलीं. एरिक आयर नांवाच्या वार्ताहरानें हे आंकडे उजेडांत आणले, आणि त्याबद्दल त्यास २०१७ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. कारखानदार, घाऊक व्यापारी, दुकानदार, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी, सर्वांसमोरून या गोळ्या गेल्या. परंतु हिशेब मांडला तो एका बातमीदारानें.

पुढें बंधनें आलीं. २०१० सालीं ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज कुटतां येऊं नये अशी करण्यांत आली, आणि डॉक्टरही हात आंखडूं लागले. परंतु औषध आंखडलें तरी जडलेली ओढ गेली नव्हती, आणि तिच्यावर उपचाराची सोयही पुरेशी नव्हती. ज्यांस दुकानांत गोळी मिळेना, त्यांतील पुष्कळ जण स्वस्त हेरॉइनकडे वळले. ही दुसरी लाट. २०१३ च्या सुमारास तिसरी लाट आली, ती फेंटानिलची. हें द्रव्य बेल्जममधील पॉल यान्सेन या शास्त्रज्ञानें १९६० च्या सुमारास शोधून काढलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देतांना आणि कर्करोगाच्या असह्य वेदनांवर तें आजही अत्यंत उपयुक्त आहे. पण त्याची शक्ति मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट आहे, आणि संवय नसलेल्या माणसास दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या कांहीं कणांएवढें फेंटानिल, प्राणघातक होऊं शकतें. तें चोरून तयार करणें सोपें आणि लपवून नेणें त्याहून सोपें. १९९९ मध्यें अमेरिकेंत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेचे मृत्यु सुमारे आठ हजार होते. २०२२ मध्यें ते ८१ हजारांवर गेले. २०२४ मध्यें हा आकडा ५५ हजारांच्या आंत आला, ही समाधानाची गोष्ट खरी. पण तोही १९९९ च्या सहापटींहून अधिक आहे.

येथें आपल्या घरांशीं याचा थेट संबंध येतो. पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांतील मुलें आणि नातवंडें आज अमेरिकेंत शिकत आहेत किंवा नोकरी करीत आहेत. ‘आमचीं मुलें त्या वाटेस जाणारीं नव्हेत,’ असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही असेल. परंतु आतां तेथें खऱ्या औषधासारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्या पसरल्या आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्रीं झोंपेसाठीं, जागरणासाठीं किंवा डोकेंदुखीसाठीं मित्रानें दिलेली गोळी अशी असूं शकते. शिऱ्यांतील बेदाणे जसे एका घांसांत चार येतात व दुसऱ्यांत एकही नसतो, तसें या गोळ्यांत फेंटानिल कमीअधिक पडतें. म्हणून एकीनें कांहीं न होतां दुसरीनें प्राण जातो. तेथील सरकारी खात्यानें २०२३ मध्यें फेंटानिल असलेल्या जप्त गोळ्या तपासल्या, तेव्हां दहांतील सात गोळ्यांत प्राणघातक ठरूं शकेल एवढी मात्रा आढळली. विख्यात गायक प्रिन्स हा २०१६ सालीं अशाच बनावट गोळींतील फेंटानिलनें मृत्यु पावला. मुलांस पत्रानें, दूरध्वनीनें एवढेंच बजावावें कीं, दुकानांतून आपल्या नांवानें न आलेली गोळी, ती कोणीही देवो, तोंडांत घालावयाची नाहीं.

या विषाला उतारा आहे, हेंही सांगितलें पाहिजे. त्याचें नांव नॅलोक्सोन. तें कुलुपांतील किल्ली ढकलून स्वतः तेथें बसतें, पण कुलूप फिरवीत नाहीं. त्यामुळें कांहीं मिनिटांत श्वास पुन्हां सुरू होतो. अमेरिकेंत त्याचा नाकांत मारावयाचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीवांचून मिळतो. आपल्याकडे तें मुख्यतः इंजेक्शनच्या रूपानें रुग्णालयांत असतें. त्याचा परिणाम तास-दीड तासांत ओसरतो आणि विष मागें उरलें असेल तर श्वास पुन्हां मंदावतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसासही रुग्णालयांत न्यावेंच लागतें.

आपल्या देशाची स्थिति काय आहे? अफू आपणांस नवी नाहीं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक आया कामावर जातांना तान्ह्या मुलांस अफूची गोळी देत, म्हणजे तीं दिवसभर निजून राहत. त्या आया निर्दय नव्हत्या. मूल सांभाळण्यास त्यांस कोणी नव्हतें. १९८० नंतरच्या दशकांत हेरॉइनचा एक गलिच्छ प्रकार ‘गर्द’ या नांवानें आपल्या शहरांत शिरला, आणि त्याच संकटांतून १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र उभें केलें. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणें देशांत अफूवर्गीय द्रव्यें घेणारे लोक सुमारे २ कोटि २६ लाख होते, म्हणजे शेंकडा दोनांहून थोडे अधिक. आणि त्यांत औषधांच्या गोळ्या व पातळ औषधें वापरणाऱ्यांचा भाग मोठा होता. ट्रॅमाडॉल हें औषध २०१८ च्या एप्रिलमध्यें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणण्यांत आलें. २०२५ च्या फेब्रुवारींत मुंबईंतील एका कारखानदाराच्या, टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचें मिश्रण असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेंतील तरुणांस व्यसनी करीत असल्याचें बी. बी. सी.नें उघडकीस आणलें, आणि भारत सरकारनें त्या मिश्रणाचें उत्पादन व निर्यात बंद केली. अमेरिकेच्या चुकांकडे बोट दाखवितांना आपलें हें बोट ध्यानांत ठेवावें.

परंतु एवढें ऐकून कोणी मॉर्फीनचें नांवही नको म्हणेल, तर तो दुसरा अनर्थ होईल. माझे एक सहकारी शिक्षक कर्करोगानें अंथरुणास खिळले होते. डॉक्टरांनीं मॉर्फीन सुचविलें, तेव्हां त्यांचा सुशिक्षित मुलगा म्हणाला, “नको, बाबांना व्यसन लागेल.” मास्तर रात्र रात्र कण्हत. शेवटीं डॉक्टरांनीं त्यास जवळ बसवून समजाविलें, गोळ्या सुरू झाल्या, आणि अखेरचे तीन आठवडे मास्तर झोंपले, जेवले, नातवाशीं बोलले. ज्याचे दिवस मोजके आहेत त्यास व्यसनाच्या भयानें वेदनेंत ठेवणें हा विवेक नव्हे. आपला देश औषधासाठीं अफू पिकवितो; मंदसोर, नीमच, चितोडगड या भागांत तिची परवान्यानें शेती होते. तरी १९८५ च्या कडक कायद्यानंतर दुकानांतून आणि रुग्णालयांतून मॉर्फीन जवळजवळ नाहींसें झालें आणि कर्करोगाचे असंख्य रोगी विव्हळत राहिले. केरळांत कालिकतला १९९३ पासून डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं याविरुद्ध काम केलें, आणि २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन वाट कांहींशी मोकळी झाली. तीच वस्तु एकीकडे गरज नसलेल्यांस पोत्यांनीं मिळाली, आणि दुसरीकडे गरज असलेल्यांस गुंजभरही मिळाली नाहीं. दोष वस्तूचा नाहीं. ती कोणास, किती आणि कोणाच्या देखरेखीखालीं द्यावयाची, या विवेकाचा आहे.

तर घरच्या माणसांनीं काय करावें? शस्त्रक्रियेनंतर किंवा दांत काढल्यावर वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, तर हें औषध अफूवर्गीय आहे काय, किती दिवस घ्यावयाचें आणि कधीं थांबवावयाचें, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. पुष्कळ दुखण्यांस साधें पॅरासिटॅमॉल पुरतें. घरांतील वृद्ध माणूस झोंपेची गोळी घेत असेल तर तें न विसरतां सांगावें. दुकानदार अशा औषधाची चिठ्ठी मागतो व नांव वहींत लिहितो, म्हणून त्याच्यावर रागावूं नये. तो कायद्यानें घातलेलें कर्तव्य करीत असतो. उरलेल्या गोळ्या ‘पुढें उपयोगीं पडतील’ म्हणून जपून ठेवूं नयेत, आणि शेजाऱ्यास तर मुळींच देऊं नयेत. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध मुलांस आपल्या मनानें पाजूं नये. जो माणूस महिनोन्‌महिने हीं औषधें घेत आहे, त्याचें औषध आपल्या हट्टानें एकाएकीं तोडूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें पायरीपायरीनें उतरवावें. त्यावर मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फीन यांसारखे शास्त्रशुद्ध उपचार आहेत. व्यसन हा मेंदूचा रोग आहे, आणि रोग्यास शिव्या देऊन तो बरा होत नाहीं.

आणि अतिमात्रेचीं लक्षणें पाठ करून ठेवावीं. हाक मारून, हलवून मनुष्य जागा होत नाहीं. श्वास अगदीं मंद, थांबत थांबत, किंवा घरघर आवाज करीत चालतो. ओठ आणि नखें निळसर पडतात. डोळ्यांतील बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात. असें दिसलें तर झोंपूं देऊं नये. तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असेल तर त्यास कुशीवर वळवावें, थांबला असेल आणि येत असेल तर तोंडानें श्वास द्यावा, आणि काय घेतलें असेल तें डॉक्टरांपासून लपवूं नये. लोकलाजेस्तव घालविलेलीं पांच मिनिटें पुन्हां मिळत नाहींत.

श्रोते हो, आज रात्रीं आपल्या औषधांच्या कपाटाचें दार एकदां उघडून पाहावें. जुन्या दुखण्याची कोणती पुडी तेथें विसरून राहिली आहे, तिच्यावर नांव काय आहे, हें वाचावें. आणि समजलें नाहीं तर उद्यां डॉक्टरांस विचारावें. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.